नदीसारखें एक गाणें

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला, आणि त्यावरूनच प्रस्तुत लेख लिहिण्याची आम्हांस बुद्धि झाली. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव पुण्यांत जपानी भाषा शिकून आज चार वर्षें नागोया शहरीं एका कारखान्यांत नोकरीस आहेत. ते सुटी घेऊन घरीं आले होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं फराळ आटोपून सगळी मंडळी माजघरांत बसली असतां मुलांनीं आपल्या दादाभोंवतीं कोंडाळें केलें आणि एखादें जपानी गाणें ऐकव म्हणून लकडा लावला. त्यानें जें गाणें लावलें त्यांतील एक शब्दहि आम्हां कोणास कळण्यासारखा नव्हता. तरी तें संपेपर्यंत कोणी बोललें नाहीं. आमच्या काकूंचें वय आतां शहाऐंशीच्या घरांत आहे. त्या एका बाजूस वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचे हात मध्येंच थांबले, ते गाणें संपल्यावरच पुन्हां चालूं लागले. मग त्यांनीं एकच प्रश्न केला, "ही बाई आजारी होती का रे?"

चिरंजीव क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिले. कारण गाणारी बाई खरोखरीच आजारी होती, आणि तें गाणें बाजारांत आल्यावर साडेपांच महिन्यांच्या आंत ती वारली होती. शब्द न कळतां हें काकूंस कसें उमगलें, तें आम्हांस सांगतां येत नाहीं. परंतु त्या रात्रीपासून या गाण्याविषयीं आम्हीं जें वाचलें, विचारलें व चिरंजीवांकडून समजावून घेतलें, तें आमच्या वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

गाण्याचें नांव 'कावा नो नागारे नो यो नि'. कावा म्हणजे नदी, नागारे म्हणजे प्रवाह. सगळें मिळून अर्थ 'नदीच्या प्रवाहासारखें'. गायिका मिसोरा हिबारी, कवि आकिमोतो यासुशी, चाल बांधणारे मिताके आकिरा. जपानी रीतीप्रमाणें आडनांव आधीं येतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. या गाण्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ११ जानेवारी १९८९ रोजीं प्रसिद्ध झाली.

ही तारीख नीट पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे शिवराज्याभिषेकापासून एक स्वतंत्र शक सुरू झाला होता, हें सर्वांस ठाऊक आहेच. जपानांत १८६८ सालापासून असा नियम आहे कीं, प्रत्येक सम्राटाच्या कारकीर्दीस एक नांव द्यावयाचें आणि त्या नांवाच्या वर्षांनीं काळ मोजावयाचा. 'शोवा' नांवाचें युग २५ डिसेंबर १९२६ रोजीं सुरू झालें. त्याच युगांत जपाननें महायुद्ध केलें, दोन अणुबाँब सोसले, पराभव पत्करला, आणि पुढील चाळीस वर्षांत राखेंतून उठून जगांतील अग्रगण्य संपन्न राष्ट्रांत जागा मिळविली. सम्राट १९८८ च्या सप्टेंबरांत अंथरुणास खिळले, तेव्हांपासून देशभर जत्रा, मेजवान्या व गाण्याबजावण्याचे कार्यक्रम लोकांनीं आपण होऊन आवरते घेतले. ७ जानेवारी १९८९ रोजीं, शनिवारीं सकाळीं, ते निवर्तले. शोवा युगाचें चौसष्टावें वर्ष अवघ्या सात दिवसांचें ठरलें. दुसऱ्या दिवसापासून 'हेइसेइ' युग लागलें. ते दोन दिवस दूरचित्रवाणीवर करमणूक नव्हती कीं जाहिरात नव्हती. आणि या नव्या युगाच्या चौथ्या दिवशीं, काळाच्या नदीविषयींचें हें गाणें दुकानांत आलें.

हा योग कोणी जुळवून आणलेला नव्हता. ज्या गीतसंग्रहांत हें गाणें प्रथम आलें, तो संग्रह १ डिसेंबर १९८८ रोजींच प्रसिद्ध झाला होता. परंतु गाण्यांत अनेक युगें उलटून गेल्याचा उल्लेख आहे. आणि 'युग' या अर्थीं तेथें जो शब्द योजिला आहे, तोच लोक शोवा युग असें म्हणतांना वापरतात. जन्म, शाळा, उपासमार, लग्न, मुलांचीं शिक्षणें, आईबापांचें मरण, हें सर्व ज्यांनीं एकाच युगांत पाहिलें, त्यांस तें युग संपल्यावर चारच दिवसांनीं हा शब्द कानीं पडला असतां काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

गाण्याचा आशय साधा आहे. एक मनुष्य उतारवयांत मागें वळून पाहतो. आपण कधीं एवढें चालून आलों हें त्याचें त्यासच कळलें नाहीं. वाट खांचखळग्यांची होती, वळणावळणांची होती, हातांत नकाशा नव्हता. तरी जगणें म्हणतात तें हेंच. एवढें सांगून झाल्यावर गाणें रस्ता सोडतें आणि नदीकडे वळतें. येथून पुढें संध्याकाळचें आकाश आहे, ऋतूंचें येणेंजाणें आहे, बर्फ वितळण्याची वाट पाहणें आहे. रडगाणें कोठेंहि नाहीं. गेलेल्या दिवसांचा हिशेब नाहीं, त्यांस परत बोलावणेंहि नाहीं.

चालीविषयीं दोन शब्द सांगावयास हवेत, कारण आमच्या वाचकांत गाणें जाणणारीं घरें पुष्कळ आहेत. हिबारीबाईंची ख्याति मुख्यतः 'एन्का' नांवाच्या गीतप्रकाराबद्दल. मेइजी काळांत राजकीय चळवळीचे तरुण रस्त्यावर उभे राहून भाषणाऐवजीं गाणीं म्हणत, त्यांस हें नांव होतें. पुढें तेंच विरहाच्या व घरच्या ओढीच्या गाण्यांस लागलें. या गाण्यांत पुष्कळदां पांचच स्वर घेतात व चौथा आणि सातवा वगळतात. म्हणजे मध्यम व निषाद वर्ज्य. आपला भूपच म्हणा ना! तरी ऐकतांना भूप वाटत नाहीं, कारण लगाव निराळा. स्वर मुद्दाम थरथरवून मुरकीसारखी जी जागा घेतात तिला 'कोबुशी' म्हणतात; आणि भरदार आवाजांतून एकाएकीं बारीक, पोकळ आवाजांत जाऊन परत येणें हें तर बाईंचें खास वैशिष्ट्य. प्रस्तुत गाणें एन्काच्या सांच्यांतलें नव्हे, त्याची बांधणी नव्या पाश्चात्य वळणाची आहे. बाई त्यांत अलंकार फारच थोडे घेतात. आरंभीं तर त्या खालच्या स्वरांत जवळ बसून बोलल्यासारख्या गातात, आणि नदीचें नांव येतें तेथें आवाज मोकळा सोडतात. काकूंचे हात थांबले ते नेमके याच ठिकाणीं.

आतां गाणारीविषयीं. मिसोरा हिबारी हें तिचें रंगभूमीवरील नांव. मिसोरा म्हणजे सुंदर आकाश आणि हिबारी म्हणजे चंडोल पक्षी. खरें नांव कातो काझुए. योकोहामा बंदरांत मासळीचें दुकान चालविणाऱ्या एका कुटुंबांत २९ मे १९३७ रोजीं तिचा जन्म झाला. १९४३ सालीं बाप आरमारांत जाण्यास निघाला तेव्हां निरोपाच्या बैठकींत सहा वर्षांच्या या मुलीनें एक गाणें म्हटलें, आणि जमलेलीं माणसें रडूं लागलीं. मुलीच्या गळ्यांत कांहीं विलक्षण आहे, हें आईनें तेथेंच ओळखलें. पुढें बरोबर तिच्या आठव्या वाढदिवशीं, म्हणजे २९ मे १९४५ रोजीं, अमेरिकन विमानांनीं योकोहामावर आगीचा वर्षाव करून तें शहर बेचिराख केलें. युद्ध संपलें, आणि या जळक्या शहरांत आई मुलीला घेऊन लहान लहान नाटकगृहें हिंडूं लागली.

या मुलीस प्रथम मान मिळाला नाहीं, हें आवर्जून सांगण्यासारखें आहे. १९४६ सालीं ती नभोवाणीच्या हौशी गायकांच्या स्पर्धेस गेली असतां परीक्षकांनीं तिला उत्तीर्ण केलें नाहीं. गाते चांगलें, पण मुलीसारखें गात नाहीं, असा त्यांचा आक्षेप असल्याचें सांगतात. थोड्याच वर्षांत एका प्रख्यात कवीनेंहि पोरवयांत प्रौढांचीं गाणीं म्हणणाऱ्या या मुलीवर वृत्तपत्रांतून कडक टीका केली. पोरीबाळींनीं चार लोकांत गाण्यावर आपल्याकडे काय काय बोललें गेलें, तें आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. तेव्हां या बाबतींत जपानला नांवें ठेवण्याचें आपणांस कारण नाहीं. १९४९ सालीं मात्र 'कानाशिकी कुचिबुए' म्हणजे 'दुःखी शीळ' या बोलपटांत बारा वर्षांची हिबारी उंच टोपी व पुरुषी कोट घालून अनाथ पोराच्या भूमिकेंत पडद्यावर आली, आणि राखेंत बसलेल्या लोकांनीं तिला एकदम आपली म्हटली. पुढील चाळीस वर्षांत बाईंनीं दीडशेंहून अधिक चित्रपटांत कामें केलीं व सुमारें दीड हजार गाणीं ध्वनिमुद्रित केलीं.

कीर्तीचा भाव मात्र फार चढा द्यावा लागला. १३ जानेवारी १९५७ रोजीं तोकिओच्या आसाकुसा भागांतील नाटकगृहांत तिच्याच वयाच्या एका चाहत्या मुलीनें तिच्या तोंडावर तीव्र आम्ल फेकलें. सुदैवानें कायमचा व्रण राहिला नाहीं. १९६२ सालीं लग्न झालें, १९६४ सालीं मोडलें. त्यानंतर बाईंनीं संसार केला तो माहेरच्या माणसांचाच. १९७३ सालीं धाकट्या भावाच्या गुंडांशीं असलेल्या संबंधांचा बभ्रा झाला. अनेक सार्वजनिक सभागृहांनीं त्यांस जागा नाकारली आणि राष्ट्रीय नभोवाणीच्या वर्षअखेरच्या मानाच्या कार्यक्रमांतूनहि त्या वगळल्या गेल्या. भावास मंडळींतून दूर केलें असतें तर मार्ग मोकळा होता. आई व बहीण दोघींनींहि तें केलें नाहीं. यांत त्यांचें चुकलें कीं बरोबर झालें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास वाटतो तेवढा सोपा नाहीं, म्हणून आम्ही त्यावर निकाल देत नाहीं. पुढें याच भावाचा मुलगा बाईंनीं दत्तक घेतला. १९८१ सालीं आई गेली. १९८३ व १९८६ या दोन सालीं दोघे भाऊ गेले. घरांत राहिलीं दोन माणसें, बाई आणि तो मुलगा.

१९८७ च्या एप्रिलांत बाई फुकुओका शहरीं इस्पितळांत दाखल झाल्या. यकृताचा जुना विकार होताच, शिवाय दोन्ही खुब्यांचीं हाडें रक्तपुरवठ्याअभावीं झिजत चाललीं होतीं. उभें राहणेंहि कठीण होतें. तथापि ११ एप्रिल १९८८ रोजीं तोकिओच्या नव्या, छप्पर घातलेल्या प्रचंड क्रीडांगणांत सुमारें पन्नास हजार श्रोत्यांपुढें त्यांनीं सुमारें चाळीस गाणीं गाइलीं. शेवटीं लोकांमधून गेलेल्या सुमारें शंभर मीटर लांबीच्या मार्गावरून त्या पायीं चालत गेल्या. ज्यांनीं खुब्याचें दुखणें घरांत पाहिलें आहे, त्यांस हें चालणें म्हणजे काय तें निराळें सांगावयास नको.

याच सुमारास नव्या गीतसंग्रहाची योजना ठरली. गीतें लिहिण्याचें काम आकिमोतो यांजकडे आलें. ते तेव्हां तीस वर्षांचे होते, आणि शाळकरी वयाच्या मुलींच्या एका लोकप्रिय गायनसंघासाठीं हलकींफुलकीं गाणीं लिहिणारे म्हणून त्यांचें नांव होतें. पन्नाशी उलटलेल्या, आजारी गायिकेसाठीं आयुष्याच्या संध्याकाळचें गाणें या तरुणानें लिहावें, हेंच मुळीं नवल. तें त्यांनीं जपानांत नव्हे, तर न्यूयॉर्क शहरीं ईस्ट रिव्हरच्या कांठीं लिहिलें. या पाण्यास नदी म्हणतात खरें, पण वस्तुतः ती नदी नव्हे. ती समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे, आणि भरतीओहोटीप्रमाणें तिचा प्रवाह एकदां एकीकडे व एकदां दुसरीकडे वाहतो. मागें न फिरणाऱ्या काळाचें गाणें मागें फिरणाऱ्या पाण्याच्या कांठीं लिहिलें गेलें, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटली. परंतु परक्या मुलखांत पाण्याकडे पाहत बसलेल्या माणसास आपल्याच गांवची नदी दिसते, हें चिरंजीवांनीं सांगितलें तेव्हां आम्ही हसण्याचें थांबलों.

संग्रहांतील कोणतें गाणें स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून काढावें, यावर कंपनींतील मंडळींचें मत निराळें होतें. त्यांनीं एक दुसरें, हंसरें व झटकदार गाणें निवडलें होतें. एरवीं अशा बाबतींत बाई फारसा आग्रह धरीत नसत. या वेळीं त्यांनीं धरला. नदीचेंच गाणें निघालें पाहिजे, असें त्या म्हणाल्या, आणि तेंच निघालें. ७ फेब्रुवारी १९८९ रोजीं कोकुरा येथें त्यांचा शेवटचा जलसा झाला. २४ जून रोजीं फुप्फुसांच्या विकारानें त्या वारल्या, वय बावन्न. पुढच्याच महिन्यांत सरकारनें त्यांस मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. तो मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. लहानपणीं ज्या गळ्यास नापास केलें गेलें, त्याची ही अखेर.

हें सगळें घरांत वाचून झालें तेव्हां आमच्या थोरल्या बंधूंनीं एक आक्षेप घेतला, तो नमूद करणें अवश्य आहे. ते म्हणाले, "गाणें गोड असेल, पण नदीसारखें वाहत जावें हें कसलें तत्त्वज्ञान? आपल्याकडे अशा माणसास प्रवाहपतित म्हणतात, आणि तो कांहीं गौरवाचा शब्द नव्हे." आक्षेप वजनदार आहे. शब्दच पाहिले तर त्यास उत्तर देणें कठीण जाईल. परंतु गाणारीचें चरित्र शब्दांच्या शेजारीं ठेवून पाहिलें कीं अर्थ पालटतो. जी बाई परीक्षकांच्या मतानें वाहत गेली नाहीं, सभागृहांच्या दारीं भावास टाकून आली नाहीं, दुखऱ्या खुब्यांनीं शंभर मीटर चालली, आणि मरणाच्या सहा महिने आधीं कंपनीशीं वाद घालून आपलें गाणें आपण निवडती झाली, ती प्रवाहपतित नव्हे. जेथें झगडतां येईल तेथें ती आयुष्यभर झगडली. काळाशीं मात्र झगडतां येत नाहीं, एवढेंच तिनें ओळखलें. पोहणाराहि दमला म्हणजे पाण्यावर उताणा पडून राहतो. पण ज्याला पोहतां येतें त्यासच तें साधतें. बंधूंनीं यावर मान हलविली. पटलें म्हणून कीं वाद पुरे म्हणून, तें समजलें नाहीं.

नदीचा हा दृष्टांत जपानांत आज आलेला नाहीं. कामो नो चोमेइ नांवाच्या विरक्त पुरुषानें १२१२ सालीं 'होजोकी' हें छोटेखानी पुस्तक लिहिलें. त्याचा आरंभच नदीनें होतो: प्रवाह तोच दिसतो, पाणी मात्र दर क्षणीं निराळें, असा त्याचा भाव. क्योतोंतील आग, वावटळ, दुष्काळ व भूकंप हीं सगळीं डोळ्यांनीं पाहून चोमेइ डोंगरांत दहा फूट चौरस झोंपडी बांधून राहिला. या दहा फुटांचें मूळ आपल्या देशांत आहे. वैशालीच्या विमलकीर्तीची कोठडी तेवढी होती अशी बौद्ध परंपरा आहे, आणि चोमेइनें त्याचें नांव आपल्या पुस्तकांत घेतलें आहे. जपानी लोक ज्यास 'मुजो' म्हणतात, तें आपल्या 'अनित्य' या शब्दाचेंच चिनी लिपींतून तेथें गेलेलें रूप. एवढेंच काय, जपानी मुळाक्षरांचा अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न असा जो क्रम आहे, तोहि बौद्ध भिक्षूंच्या संस्कृताभ्यासांतून तेथें रुजला. आमच्या काकूंस शब्द न कळतां गाणें कळलें, यांत याचा कांहीं भाग असेल असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण घर अगदींच परकें नाहीं, एवढें म्हणावयास हरकत नसावी.

तथापि चोमेइच्या नदींत आणि या गाण्याच्या नदींत एक फरक आहे. चोमेइची नदी काय उरत नाहीं तें दाखविते, आणि ऐकणारा कांठावर उभा राहून तें पाहतो. गाण्यांतील मनुष्य कांठ सोडून पाण्यांत उतरलेला आहे. त्यास वाहून जाण्याचें दुःख नाहीं. बरोबर कोणी असावें एवढीच इच्छा आहे.

आतां या कथेचा शेवटचा भाग, आणि आमच्या घरांत ज्यावरून रात्रीं उशिरापर्यंत बोलणें झालें तो. हिबारीबाई जाऊन तीस वर्षें झाल्यावर, २०१९ सालीं, राष्ट्रीय नभोवाणीनें यामाहा कंपनीच्या तंत्रज्ञांकरवीं एक प्रयोग केला. बाईंचीं जुनीं ध्वनिमुद्रणें यंत्रास पुरवून, त्यांच्या आवाजाच्या सगळ्या लकबी त्यास शिकवून, बाईंनीं कधींहि न गाइलेलें नवें गाणें त्यांच्या आवाजांत गाववून घेतलें. गाण्याचें नांव 'आरे कारा', म्हणजे 'तेव्हांपासून', आणि शब्द पुन्हां आकिमोतो यांचेच. मधल्या बोलण्याच्या तुकड्यासाठीं जो आवाज वापरला, तो बाईंनीं दत्तक मुलाच्या लहानपणीं त्याच्यासाठीं गोष्टी वाचून ठेवल्या होत्या त्या फितींवरून घेतला होता. ३१ डिसेंबर २०१९ च्या रात्रीं वर्षअखेरच्या त्याच मानाच्या कार्यक्रमांत बाईंची चित्राकृति गाऊं लागली, तेव्हां कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आलें. कित्येकांस तें मुळींच रुचलें नाहीं. एका नामांकित संगीतकारानें तर त्यास विटंबना म्हटलें.

चिरंजीवांनीं तेंहि गाणें आम्हांस ऐकविलें, आणि मग थोडें चाचरत मनांतली गोष्ट काढली. त्यांच्या घरीं लवकरच पाळणा हलणार होता. सूनबाई नाशकास माहेरीं होत्या. आमच्या मातोश्री १९९१ सालीं गेल्या. त्यांच्या आवाजांतील ओव्यांची एक कॅसेट बंधूंनीं जपून ठेवली आहे. पुतण्याचें म्हणणें असें कीं, हल्लीं हीं यंत्रें घरबसल्या मिळतात. त्या कॅसेटवरून आजीचा आवाज तयार करून बाळाच्या नांवाचा पाळणा तिच्या आवाजांत म्हणवून घ्यावा. पणजीचा पाळणा! कल्पना मायेचीच होती, यांत संशय नाहीं. बंधूंनीं कॅसेट आणून लावली. फीत जुनी झाल्यामुळें आवाज थोडा डुलत होता. दोन ओव्या झाल्यावर मातोश्री खोकल्या, कोणाला तरी "दूध पाहा ग" म्हणाल्या, आणि तिसरी ओवी त्यांनीं पहिलीपेक्षां वरच्या स्वरांत सुरू केली. आमच्या वहिनींनीं पदर डोळ्यांस लावला. "तें दूध मीच पाहिलें होतें," त्या म्हणाल्या.

मग कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. आमच्या स्वतःच्या मनांत दोन्ही बाजू होत्या, आणि अजूनहि आहेत. आई पुन्हां ऐकावयास मिळेल असें कोणी म्हटलें तर नको म्हणण्याइतकें मन कोणाचें घट्ट असतें? परंतु यंत्र जो पाळणा म्हणेल त्यांत कोणाचें दूध उतूं जाणार नाहीं. त्यांत बाळाचें नांव असेल, पण तें नांव आईस ठाऊक नव्हतें. नदी गेली म्हणून तिच्या पाण्यानें भरलेला तांब्या आपण देव्हाऱ्यांत ठेवतों, तो ठेवावा. त्या तांब्यापासून नवी नदी करूं पाहणें, हें आम्हांस कांहींसें निराळें वाटतें. दुसऱ्या घरानें निराळें ठरविलें तर आम्ही त्यास दोष देणार नाहीं.

निकाल दिला तो काकूंनीं, आणि तत्त्वचर्चेंत न पडतां दिला. वातींचें ताट बाजूस सारून त्या म्हणाल्या, "अरे, तिला कशाला उठवतोस? मी अजून आहें ना! माझा आवाज फाटला आहे, पण आहे. पाळणा मी म्हणतें." चिरंजीवांनीं मोबाइल पुढें धरला. काकूंनीं पाळणा म्हटला. वरचा स्वर लागला नाहीं, दोन ठिकाणीं श्वास पुरला नाहीं, एका ठिकाणीं शब्द आठवेना तेव्हां वहिनींनीं पुरविला. नांवाच्या जागीं, नांव अजून ठरलेलें नसल्यामुळें, त्यांनीं नुसतें 'बाळ' म्हटलें. शेवटीं "आतां पुरे" असें त्या म्हणाल्या, तेंहि त्यांत आलें आहे.

मुलगी झाल्याचें पत्र कार्तिकांत आलें. कॅसेटच्या प्रती काढून आम्हीं तिन्ही भावांच्या घरीं एकेक ठेवली आहे, खोकल्यासकट.